कंदीलमोरीचे चार गुण

पहिल्याच भेटीत सरांनी माझी तुलना कपाटाशी केली.

नवीन पनवेलच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मला खुर्ची नव्हती. मी सांगलीकडची. ओळखीचं कुणी नाही. पर्स पोटाशी धरून भिंतीला टेकून उभी राहिले. समोर एक उंच, वाळके गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. पँट घोट्याच्या चार बोटं वर, खिशात तीन पेनं आणि एक फूटपट्टी. त्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारच्या लोखंडी कपाटाकडे पाहिलं.

"बाई, तुमच्यात आणि या कपाटात तीन साम्यं सांगा."

मला रडूच यायचं बाकी होतं. शेवटी त्यांनीच सांगितली. "एक, दोघंही बाहेरगावाहून आलात. दोन, कुठं ठेवायचं हे आधी कुणी ठरवलं नाही. तीन, दोघंही आल्यापासून भिंतीला टेकून उभे आहात." मग उठून त्यांनी आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि स्वतः खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. दुसरी खुर्ची यायला आठ दिवस लागले. आठही दिवस ते कट्ट्यावरच बसले, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

सर विज्ञान शिकवायचे. मूळचे जवळच्याच जासई गावचे. वडील मिठागरात कामाला होते. वर्गात सर अगदी पुस्तकी मराठी बोलायचे, पण संतापले की जासई बाहेर यायची. "नाय म्हनजे नाय!" असं ऐकू आलं की शिपायापासून मोठ्या बाईंपर्यंत सगळे समजून जायचे की आता वाद घालण्यात अर्थ नाही. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांचा सरांवर जीव होता आणि त्यांना सरांचा धाकही होता.

'फरक स्पष्ट करा' या प्रश्नावर सरांचा राग होता. पाठ्यपुस्तकात तो प्रत्येक धड्याखाली असतो. सर म्हणायचे, "फरक गाढवालाही कळतो. गवत आणि दगड यांतला फरक त्याला कुणी शिकवला? साम्य शोधायला मात्र माणूस लागतो." म्हणून ते दिवसभर साम्यं शोधत असायचे. रिक्षावाला आणि इन्स्पेक्टर, गवार आणि शाळा समिती, कशाकशांत. एकदा एका शिक्षकाच्या लग्नात स्टेजवर जाऊन नवरा-नवरीच्या तोंडावर त्यांनी पाच साम्यं सांगितली. त्यातलं चौथं 'दोघांनाही घोरण्याची सवय' असं होतं. त्यांना ते कुठून कळलं, यावरून दोन्ही घरांत बरेच दिवस चौकशी चालली होती.

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्यांनी मला स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगितली. सरांनी एकाच रविवारी दोन मुली पाहिल्या. काकू दुसऱ्या. पोहे देताना सरांच्या खिशातून एक कागद खाली पडला. मधोमध उभी रेघ आणि वर दोघींची नावं. काकूंनी तो उचलला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तिच्यात नि माझ्यात काय सारखं सापडलं?" सर म्हणाले, "दोघींनीही पोह्यांवर खोबरं घातलेलं नाही." काकू मला म्हणाल्या, "मी म्हटलं, हा माणूस खोटं बोलायचा नाही. तेवढं पुष्कळ झालं."

पण सरांच्या आयुष्यातली मोठी जोडी वेगळीच होती. जगातला सगळ्यात लहान पक्षी आणि जगातला सगळ्यात लहान शार्क.

त्यांच्या फूटपट्टीवर लाल शाईच्या दोन खुणा होत्या. एक दोन इंचांवर, एक आठ इंचांवर. दोन इंचांवर हमिंगबर्ड पक्ष्यांतली सगळ्यात छोटी जात, क्यूबात राहणारी. सर तिला माशीपक्षी म्हणायचे. आठ इंचांवर खोल अंधाऱ्या समुद्रात राहणारा, पोटाकडून मंद उजळणारा एक शार्क. त्याचं नाव त्यांनी ठेवलं होतं कंदीलमोरी. त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं, "बाई, माझा कंदीलमोरीवर फार जीव आहे," तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्या सांगलीच्या घरातली मोरी आली, तीही कंदील टांगलेली. मी घाबरून "हो का," एवढंच म्हणाले. कोकणात लहान शार्कला मोरी म्हणतात आणि ती बाजारात वाट्यावर मिळते, हे मला पुढे महिन्याभरानं समजलं.

सरांनी दोन्ही जीव कधी पाहिले नव्हते. पाहणार कुठे? फार वर्षांपूर्वी पनवेलच्या स्टँडवर त्यांनी चणे घेतले. चणे संपल्यावर पुडीचा कागद उलगडला, तर ते कुठल्याशा मासिकाचं अर्धं फाटलेलं पान होतं. वर पक्ष्याचं चित्र, खाली शार्कचं. एकाच पानावर दोघं शेजारी बसलेले पाहून सरांना काय झालं कोण जाणे. त्यांनी ते पान प्लॅस्टिकमध्ये बसवून घेतलं आणि पुढची वीसेक वर्षं दप्तरात बाळगलं.

या प्रेमापायी त्यांची भांडणंही होत. तळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या एका गटानं जास्वंदीवरच्या शिंजीर पक्ष्याचा फोटो 'आपल्या पनवेलचा हमिंगबर्ड' म्हणून मोबाइलवर सगळीकडे पाठवला. सर दुसऱ्या दिवशी पहाटे फूटपट्टी घेऊन तळ्यावर हजर. "हमिंगबर्ड आपल्या देशात नाही! शिंजीर आहे हा. त्याला त्याचं स्वतःचं नाव असताना दुसऱ्याचं कशाला चिकटवता?" एक आजोबा म्हणाले, "अहो, फुलातला मध पितो ना? मग झालं." सर म्हणाले, "मध तुम्हीही पिता. तुम्हाला हमिंगबर्ड म्हणू?" त्या गटानं मग सकाळचा रस्ता बदलला.

आता त्या प्रश्नाकडे येते. मी ज्यात अडकले, तो प्रश्न.

आमच्याकडे पद्धत अशी होती की प्रत्येक विषयाची प्रश्नपत्रिका छापायला जाण्याआधी मराठीच्या शिक्षकानं वाचायची, ऱ्हस्व-दीर्घ तपासायचं आणि खाली सही करायची. नववीच्या चाचणी परीक्षेची विज्ञानाची पत्रिका घेऊन सर मधल्या सुट्टीत माझ्याकडे आले. माझ्या एका हातात भाकरी होती. मी पहिल्या प्रश्नातली एक वेलांटी दुरुस्त केली, बाकी पानावरून नजर फिरवली आणि भाकरीच्या हाताच्या कोपरानं कागद दाबून दुसऱ्या हातानं सही ठोकली. तेव्हा मी कायम झालेले नव्हते. नोकरीला तीन वर्षं पूर्ण व्हायला सात महिने बाकी होते.

शेवटचा प्रश्न असा होता: 'जगातील सर्वांत लहान पक्षी व जगातील सर्वांत लहान शार्क यांच्यातील किमान तीन साम्ये लिहा. फरक लिहिल्यास शून्य गुण मिळतील. (गुण ४)'

पुस्तकात याचा मागमूस नव्हता. वर्गात मात्र सरांनी दोघांबद्दल इतकं सांगितलं होतं की मुलांना ते नात्यातले वाटायचे. उत्तरपत्रिका तपासताना सर खोलीत मोठमोठ्यानं वाचून दाखवत होते. एकानं लिहिलं होतं, 'दोघेही शाळेत जात नाहीत.' सरांनी एक गुण दिला. दुसऱ्यानं लिहिलं, 'दोघांचेही सरांशी चांगले संबंध आहेत.' त्यालाही एक.

मग ते एका उत्तरावर थांबले आणि हळू आवाजात वाचू लागले. उत्तर मंगलचं होतं. तिची माणसं विचुंब्याच्या पुढे वीटभट्टीवर कामाला होती. पावसाळा संपला की ती भट्टीवर राहायला यायची आणि शाळेत पुन्हा दिसू लागायची. शेवटच्या बाकावर बसायची, तोंडातून शब्द काढायची नाही, आणि विज्ञानात कधी पास झालेली नव्हती. तिनं लिहिलं होतं: 'एक, दोघेही पनवेलमध्ये राहत नाहीत. दोन, दोघेही लहान आहेत म्हणूनच त्यांचे नाव झाले. तीन, दोघांना आपल्यापैकी कोणीच पाहिलेले नाही तरी ते आहेत.'

सरांनी चष्मा काढून पुसला. चारपैकी चार दिले. पेपर वाटले त्या दिवशी मंगलनं ती उत्तरपत्रिका घडी न घालता छातीशी धरून नेली.

त्याच दिवशी वेदांतनंही आपली उत्तरपत्रिका घरी नेली आणि वादळ सुरू झालं. वेदांत पहिला नंबर सोडायचा नाही. त्यानं दोन रंगांच्या पेनांनी, पट्टीनं तक्ता आखून, सात फरक लिहिले होते. 'पक्ष्याला मागे उडता येते, शार्कला मागे पोहता येत नाही' इथपर्यंत. सातही बिनचूक. सरांनी सातांवरही बरोबरची खूण केली होती आणि खाली लिहिलं होतं, 'उत्तम. शून्य.'

त्याचे वडील विचुंब्याचे. इमारती बांधायचे आणि शाळा समितीवर होते. स्वतः याच शाळेत शिकलेले, म्हणून मुलालाही हट्टानं इथंच घातलेलं. त्यांनी लेखी तक्रार केली: पुस्तकाबाहेरचा प्रश्न विचारणाऱ्यावर आणि तो मंजूर करणाऱ्यावर कारवाई करा. मंजूर करणारी मी. मोठ्या बाईंनी मला बोलावून पत्रिकेवरची सही दाखवली. "तू वाचला होतास हा प्रश्न?" मी माझ्याच सहीकडे बघत राहिले. सर तर चार महिन्यांनी निवृत्तच होणार होते. माझं मात्र सगळं पुढंच होतं. दोन रात्री मला जेवण गेलं नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंच्या खोलीत बैठक झाली. वेदांतचे वडील, समितीतले आणखी दोघं, मोठ्या बाई, मी, आणि कोपऱ्यात वेदांत. वडिलांनी टेबलावर हात आपटायला उचलला आणि तेवढ्यात दारातून सर आत आले. हात तसाच वर राहिला आणि गृहस्थ ताडकन उभे राहिले. पंचवीस वर्षांपूर्वी सरांनी त्यांनाही शिकवलं होतं. सर म्हणाले, "बस रे." ते बसले, आणि मग आपण का बसलो याचा त्यांना जास्त राग आला.

"सर, तुमी मना सांगा. पोरानं सात फरक लिवले, सातही बरोबर, आन वर भोपला? हा कुठला न्याय?"

"प्रश्नात लिहिलं होतं, फरक नकोत."

"आन म्याडमनी सही कशी केली याच्यावर?"

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात सर म्हणाले, "बाईंचं काम ऱ्हस्व-दीर्घाचं. प्रश्न माझा. त्यात चूक असली तर ती माझ्या नावावर लिहा. बाईंचं नाव पुन्हा काढू नका."

"पन असल्या दोन जनावरांत साम्य असनार काय, डोंबल?"

सर याचीच वाट बघत होते. फूटपट्टी बाहेर आली. दोघांभोवतीचा समुद्र एकच, क्यूबाला लागून असलेला कॅरिबियन. दोघांच्या अंगाला उजेड, एकाची पिसं चमकतात आणि दुसरीचं पोट स्वतःच उजळतं. दोघांतही पोरांचं सगळं आईवर, बाप फिरकत नाही. इथं मोठ्या बाईंना हसू आलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. "आणि सगळ्यात महत्त्वाचं," सर म्हणाले, "आपापल्या घराण्यात दोघंही सगळ्यात लहान!"

"नाही सर," कोपऱ्यातून आवाज आला.

वेदांत उभा होता. कान लाल झालेले. "सर, पक्ष्याचं बरोबर आहे. पण शार्कचं अजून ठरलेलं नाही. तेवढ्याच लहान आणखी जाती आहेत. मी शोधलं. काही पुस्तकं ही म्हणतात, काही दुसरी. म्हणजे प्रश्नच..."

"नाय म्हनजे नाय!" सर गरजले. जासई बाहेर आली होती. "माझ्याकडे छापील पुरावा आहे!" त्यांनी दप्तरातून ते प्लॅस्टिकमधलं पान काढलं. वीस वर्षांत मी सोडून बहुधा कुणी ते नीट पाहिलं नव्हतं, आणि मीही नुसती चित्रंच पाहिली होती. सरांनी ते माझ्या हातात दिलं. "बाई, तुम्ही मराठीच्या. मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. "हा जगातील सर्वांत लहान शार्कां..." तिथं पान फाटलेलं होतं.

मी थांबले. 'क'ला काना होता आणि वर टिंब.

माझ्या मनात काय काय आलं ते आजही सांगायला लाज वाटते. या माणसानं आत्ताच मला पाठीशी घातलं होतं. मी गप्प बसले असते तर कुणालाही काही कळलं नसतं. वेदांत मात्र खरं बोलून शिक्षा झाल्यासारखा उभा होता.

"सर," मी म्हणाले, "इथं 'शार्कां' आहे. काना आहे, टिंब आहे."

"छापखान्याची चूक आहे ती. माझ्या पहिल्याच दिवशी लक्षात आली."

"चूक नाही सर. पुढचं फाटलंय. 'शार्कांपैकी एक' असणार."

सरांनी पान माझ्या हातून घेतलं, नाकाशी धरलं, फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. चण्याच्या त्या पुडीनं वीस वर्षं त्यांना फसवलं होतं. ते खुर्चीवर बसले. मला वाटलं, आता हा माणूस मोडला.

आणि सर हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग खुर्ची. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "'पैकी एक' चणेवाल्यानं दुसऱ्या कुणाला बांधून दिलं, बाई! तो बिचारा वीस वर्षं 'पैकी एक' घेऊन फिरत असेल!" मग वेदांतकडे वळून म्हणाले, "पोरा, इकडे ये. शाब्बास. मोठ्या बाई, याच्यासाठी चहा मागवा."

वडील गोंधळले. "म्हंजे पोराचं बरोबर?"

"उत्तर चूकच. पण प्रश्नही चूक. चुकीच्या प्रश्नाला सगळ्यांना पूर्ण गुण मिळतात. नियम आहे."

"म्हंजे चार ना?"

"चार. पण सात फरकांचे नाहीत, हे लक्षात ठेव."

"कशाचे का असंनात, चारच ना?" वडिलांनी तक्रारीचा कागद घडी करून खिशात घातला आणि जाताना सरांच्या पाया पडले. पडून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं असावं की ते भांडायला आले होते.

बाहेर पडल्यावर मी सरांबरोबर रिक्षा स्टँडपर्यंत चालत गेले. मला राहवेना. "सर, तुम्ही मला वाचवलंत. खरं सांगते, मी तो प्रश्न वाचलाच नव्हता. न वाचता सही केली."

"मला माहीत आहे," सर म्हणाले.

"कसं?"

"दुसऱ्या मराठीच्या बाई प्रत्येक ओळ वाचतात. त्यांनी तो प्रश्न काढून टाकला असता. म्हणून तर तुमच्याकडे आणला. तोही भाकरी हातात असताना."

मी रस्त्यातच उभी राहिले. दोन रात्री मी उपाशी होते. सर मात्र रिक्षात बसून निघूनही गेले होते.

सोमवारी पहिल्या तासाला ते नववीवर गेले, तेव्हा मी दाराशी उभी राहिले. रागानंच. म्हटलं, बघू तरी मुलांसमोर कसं कबूल करतात. सरांनी काहीही आडवळण घेतलं नाही. फाटकं पान वर धरून ते म्हणाले, "मी चुकलो. मी अर्धं वाक्य वाचून पुरा प्रश्न काढला. वेदांतनं चूक दाखवली. आता सगळ्यांना चार गुण." वर्गानं बाकं बडवली. कोरे कागद देणारे एकमेकांना टाळ्या देत होते.

शेवटच्या बाकावर मंगल उभी राहिली. तिला उभं राहिलेलं वर्गानं बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं. बाकांचा आवाज थांबला.

"सर, ज्यांनी काय नाय लिवलं, त्यांना पन चार?"

"हो."

"आन मना पन चारच?"

साऱ्या पनवेलशी वाद घालणाऱ्या त्या माणसानं हातातलं पान टेबलावर ठेवलं. आणि तिलाच विचारलं, "तुझं बरोबर आहे मंगल. मी काय करू, सांग. तुला आणखी गुण देऊ?"

मंगलनं मान हलवली. "गुन नको. आजून एक प्रश्न द्या. माजा मीच सोडवीन."

सर चटकन फळ्याकडे वळले. खडू उचलला, परत ठेवला. मग त्यांनी खिशातून रुमाल काढावा तसा टेबलावरचा डस्टर उचलला आणि त्यानं डोळे पुसले. वळले, तेव्हा भुवयांपासून मिशीपर्यंत सगळा चेहरा पांढराफटक झाला होता. वर्ग हसून हसून कोलमडला. सरही हसले, त्याबरोबर मिशीतली खडूची भुकटी उडाली आणि त्यांना सटासट शिंका आल्या.

"वह्या काढा," शिंका आवरत ते म्हणाले.

माझा तास वरच्या मजल्यावर केव्हाच सुरू झाला होता. तरी मी तिथून हलले नाही. शेवटच्या बाकावर मंगलनं वही उघडली होती आणि सर काय लिहितात याकडे ती मान उंच करून बघत होती.